म्हातारपणी टी-पेशींचे रिसेप्टर: किती उरले यापेक्षा जागा कोणी अडवली

दहा मिलिलिटर रक्तात साधारण एक कोटी टी-पेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मिळतात. शरीरात त्या सगळ्या मिळून ४० हजार कोटींच्या घरात असतात. म्हणजे नळीत आली ती दर ४० हजारांतली एक. शत्रू ओळखायला टी-पेशीच्या अंगावर जो रेणू असतो तो तिचा रिसेप्टर. एखाद्या रिसेप्टरच्या शरीरात हजार पेशी असल्या, तरी त्यातली एकसुद्धा त्या नळीत येईल याची शक्यता अडीच टक्के. हा हिशोब आधी मांडण्याचं कारण असं, की 'वय वाढलं की रिसेप्टरांची विविधता घटते' हे विधान ज्या आकड्यांवर उभं आहे ते सगळे याच नळीतून आलेत. विधान खोटं नाही. पण किती घटते, कुठे घटते आणि त्याने नेमकं काय बिघडतं, याची उत्तरं नळी कशी हाताळली यावर फार अवलंबून असतात.

आधी रिसेप्टर तयार कसा होतो ते पाहू. टी-पेशीच्या रिसेप्टरमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्या असतात. त्यांचे जनुक अखंड मिळत नाहीत, तुकड्यांत मिळतात. बीटासाठी व्ही, डी आणि जे, अल्फासाठी व्ही आणि जे. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं डीएनए कापतात, मधले तुकडे गाळून हवे ते जोडले जातात, आणि जोडाच्या जागी टीडीटी नावाचं एन्झाइम मनाला येतील तशी चार-दोन अक्षरं घुसवतं. खरी विविधता या घुसवाघुसवीतून येते. जोडाच्या या भागाला सीडीआर-३ म्हणतात आणि समोरच्या पेशीने दाखवलेल्या प्रथिनाच्या तुकड्याला मुख्यतः तोच भिडतो. जनुकं अशी कापून जोडली जातात हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये अँटिबॉडीच्या बाबतीत दाखवलं, १९८७ चं नोबेल त्यासाठीच. टी-पेशीतही तीच युक्ती चालते.

हे सगळं घडतं थायमसमध्ये, छातीच्या हाडामागे हृदयावर टेकलेल्या ग्रंथीत. ती कशासाठी आहे हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवर दाखवलं, तोवर ती निकामी अवयव समजली जायची. थायमसचा ऱ्हास म्हातारपणी सुरू होत नाही, बालपणीच होतो. तिची कामाची ऊती मध्यमवयापर्यंत वर्षाला सुमारे तीन टक्क्यांनी आणि पुढे एक टक्क्याहून कमी वेगाने आक्रसते. मोकळी जागा चरबी भरून काढते. सत्तरीत तिथे बहुतेक चरबीच दिसते, कामाची बेटं तुरळक उरतात.

मग चाळिशी-पन्नाशीनंतर कोऱ्या पेशी, म्हणजे अजून कुठल्याच शत्रूशी गाठ न पडलेल्या, येतात कुठून? माणसात त्या मुख्यतः रक्तात आणि लसिकाग्रंथींतच दुभंगून आपली संख्या राखतात. आयएल-७ हे संदेशद्रव्य त्यांना जगवतं आणि अधूनमधून विभागायला लावतं. उंदरात तसं नाही, त्याच्या कोऱ्या पेशी मरेपर्यंत थायमसमधूनच येत राहतात. म्हातारपणाच्या टी-पेशींबद्दल उंदरावरून थेट माणसावर उडी मारणारा लेख दिसला की तिथे थोडं थांबावं, ते यासाठी. दुभंगण्याने पेशी वाढतात, पण नवा रिसेप्टर एकही तयार होत नाही. जुन्याच पुस्तकाच्या प्रती निघत राहतात. काही पुस्तकांच्या जास्त निघतात, काहींच्या कमी, आणि काही कायमची छपाईबाहेर जातात.

थायमस अजून किती चालते हे मोजायचा लोकप्रिय मार्ग म्हणजे ट्रेक. जनुकं जुळताना कापून गाळलेला डीएनएचा तुकडा गोल कडं होऊन पेशीतच राहतो. पेशी दुभंगली तर कडं दुभंगत नाही, दोघींपैकी एकीच्याच वाट्याला येतं. नवजात बालकांच्या टाचेच्या रक्तातून गंभीर प्रतिकारदोष शोधायला हीच चाचणी वापरतात आणि तिथे ती उत्तम चालते. म्हाताऱ्यांत मात्र एक चूक सर्रास होते. 'दर लाख पेशींमागे ट्रेक' घसरले की थायमस बसली असं लिहून मोकळं व्हायचं. पण पेशी दुभंगत राहिल्या तर थायमसचं उत्पादन तसूभरही न घटता हे प्रमाण घसरतं. म्हणून ट्रेक कोऱ्या पेशी वेगळ्या काढून मोजावेत आणि आकडा दर मायक्रोलिटर रक्तामागेही द्यावा. एकच आकडा दिला असेल तर त्यावरून थायमसबद्दल बोलू नये.

आता घट किती ते. २०१४ साली स्टॅनफर्डच्या गटाने तरुण आणि सत्तर-पंच्याऐंशीतले वृद्ध यांच्या कोऱ्या पेशी वेगळ्या काढून, प्रत्येकाच्या अनेक स्वतंत्र नळ्या करून वाचल्या. तरुणात किमान दहा कोटी वेगवेगळ्या बीटा साखळ्या असाव्यात असा त्यांचा अंदाज निघाला. वृद्धांत ही संख्या दोन ते पाच पटींनी कमी होती. पाचपट घट ऐकायला भयंकर वाटते, पण दहा कोटींचे दोन कोटी झाले तरी एखाद्या विषाणूला ओळखणारं कुणीच उरलं नाही अशी वेळ सहसा येत नाही. त्याच अभ्यासात ठळक दिसली ती विषमता. वृद्धांच्या कोऱ्या पेशींतही काही क्लोन, म्हणजे एकाच पेशीची पिलावळ, फुगलेले होते. माझ्या मते म्हातारपणाच्या रिसेप्टरांची खरी गोष्ट ही वाटणीची आहे. जमीन जवळपास तेवढीच, नावावर मात्र चार घरांच्या.

ही चार घरं कोणाची? बहुतेकदा सायटोमेगॅलो विषाणूची, म्हणजे सीएमव्हीची. नागीण उठवणाऱ्या विषाणूचा हा भाऊबंद. एकदा शिरला की आयुष्यभर मुक्काम, एरवी निरोगी माणसाला त्याचा पत्ताही नसतो. पण त्याला दाबून ठेवायला टी-पेशींची मोठी फौज अडकून पडते. सीएमव्ही असलेल्या प्रौढांच्या रक्तातल्या स्मृतिपेशींपैकी, म्हणजे शत्रूशी आधी गाठ पडलेल्या पेशींपैकी, सरासरी सुमारे दहा टक्के या एकाच विषाणूवर तैनात असतात, आणि वयाबरोबर यातले काही क्लोन अवाढव्य होतात. त्यामुळे वृद्धांची तरुणांशी तुलना करताना सीएमव्ही आहे की नाही हे विचारलं नसेल, तर जे मोजलं ते वय की विषाणू हे सांगता येत नाही. कारण वय वाढतं तसं सीएमव्ही असणाऱ्यांचं प्रमाणही वाढतं. आयजीजी अँटिबॉडीची साधी चाचणी पुरते. जुन्या साठवलेल्या माहितीत ती नसेल तरी मार्ग आहे. २०१७ मध्ये ६६६ जणांच्या बीटा साखळ्या वाचून, अनेकांत सामायिक असलेल्या ठरावीक रिसेप्टरांवरूनच सीएमव्ही आहे की नाही ते ओळखता येतं हे दाखवलं गेलं.

रिसेप्टर म्हणजे फक्त अल्फा-बीटा नव्हेत. टी-पेशींचे दोन मुख्य प्रकार: रोगट पेशी मारणाऱ्या सीडी-८ आणि इतरांना मदत करणाऱ्या सीडी-४. वारंवार दुभंगलेल्या सीडी-८ पेशी सीडी-२८ गमावतात. हा जोड-रिसेप्टर. मुख्य रिसेप्टरने शत्रू ओळखला तरी सीडी-२८ ने दुजोरा दिल्याशिवाय कोरी पेशी नीट पेटत नाही. नवजात बाळाच्या जवळपास सगळ्या टी-पेशींवर तो असतो. ऐंशीनंतर सीडी-८ पेशींपैकी निम्म्याहून अधिक त्याच्याविना असू शकतात. दीर्घकाळ मंद धुमसणारी सूज यात भर घालते, कारण टीएनएफ-अल्फा हे सुजेचं संदेशद्रव्य सीडी-२८ च्या जनुकाचं वाचनच दाबतं. त्याच पेशींवर सीडी-५७ आणि केएलआरजी-१ या खुणा चढतात आणि एरवी एनके या दुसऱ्या जातीच्या मारेकरी पेशींकडे असणारे रिसेप्टरही दिसू लागतात. अशा पेशी थकलेल्या असतात असं समजलं जातं, ते अर्धंच खरं. त्या फारशा दुभंगत नाहीत, पण मारायचं काम व्यवस्थित करतात.

रिसेप्टर जागेवर असूनही पेशी बहिरी होण्याचा प्रकार वेगळा. कोऱ्या सीडी-४ पेशींत वयाबरोबर मायक्रो-आरएनए-१८१ए हा जनुकांना आवर घालणारा छोटा रेणू कमी होतो. तो ज्याला लगाम घालतो ते डीयूएसपी-६ एन्झाइम त्यामुळे वाढतं. डीयूएसपी-६ चं काम ईआरके या संदेशवाहकावरचा फॉस्फेट काढून टाकणं. परिणाम असा, की तरुण पेशी जितक्या इशाऱ्यावर उठते तितक्यावर म्हातारी पेशी उठत नाही, तिला जोराची हाक लागते. हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. रिसेप्टरांची यादी कितीही बारकाईने वाचली तरी हा दोष त्यात दिसत नाही.

आता एकच रिसेप्टर जवळून बघू. फ्लूच्या विषाणूच्या एम-१ प्रथिनात नऊ अमिनो आम्लांचा एक तुकडा आहे. विषाणू दरवर्षी रूप बदलतो, हा तुकडा फारसा बदलत नाही. एचएलए हे पेशीवर असे तुकडे मांडून दाखवणारे रेणू, त्यातला ए२ हा प्रकार असलेल्यांच्या पेशी तो दाखवतात आणि असंख्य माणसांत त्याला जवळजवळ एकच रिसेप्टर भिडतो. बीटा साखळीत टीआरबीव्ही-१९ आणि अल्फात टीआरएव्ही-२७ हे व्ही तुकडे, आणि बीटाच्या सीडीआर-३ च्या मध्यात आर्जिनिन-सेरीन ही जोडगोळी. आर्जिनिन त्या तुकड्याच्या आणि एचएलएच्या मधल्या खाचेत जाऊन बसतं, किल्ली कुलपात बसावी तसं. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या लोकांत हा रिसेप्टर सापडतो, कारण तो तयार व्हायलाही सोपा आहे. २०२३ मध्ये मेलबर्नच्या डोहर्टी संस्थेतल्या गटाने नवजात, मुलं, प्रौढ आणि वृद्ध अशा चारही टप्प्यांवर या तुकड्याला ओळखणाऱ्या पेशी तपासल्या. प्रौढांत ही ठरलेली जोडी भरभराटीला आलेली होती. वृद्धांत ती मागे पडून त्यांच्या जागी ज्याच्या-त्याच्या खासगी, कमी कुवतीच्या रिसेप्टरांच्या पेशी आल्या होत्या. आणि त्या पेशी दमलेल्या नव्हत्या. जनुकांच्या वाचनावरून त्या नवजात आणि लहान मुलांच्या पेशींसारख्या दिसत होत्या. म्हणजे इथे म्हातारपण पेशीला आलेलं नाही. चांगला खेळाडू संघाबाहेर गेला आणि राखीव मैदानात उतरला, एवढंच.

प्रयोगशाळेत हे मोजताना गडबड कुठे होते, ते जरा सविस्तर सांगतो, कारण प्रसिद्ध झालेल्या आकड्यांतले बरेच वाद इथेच जन्मतात.

रक्त गोठू नये म्हणून नळी ईडीटीए या रसायनाची घ्यावी. त्याच कामाचं हेपॅरिन पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या क्रियेला, अडवतं. रक्त जुनं झालं की ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी हलक्या होऊन घनता-द्रावणावर तरंगणाऱ्या लिम्फोसाइटांच्या (टी आणि बी-पेशींच्या) थरात मिसळतात, म्हणून पेशी त्याच दिवशी वेगळ्या कराव्यात.

खरी कसोटी कोऱ्या पेशी निवडण्यात. फक्त सीडी-४५आरए ही पेशीवरची खूण बघून निवडल्या तर टेमरा नावाच्या जुन्या मारेकरी पेशीही आत शिरतात, कारण त्या हीच खूण पुन्हा चढवतात. म्हणून सोबत सीसीआर-७ आणि सीडी-२८ या खुणा असलेल्या आणि सीडी-९५ नसलेल्याच घ्याव्या लागतात. तरीही हिशोब करून बघा. सीएमव्ही असलेल्या ऐंशीच्या माणसात सीडी-८ पैकी कोऱ्या तीन टक्के आणि टेमरा पन्नास टक्के आहेत असं धरू. निवडताना टेमरांतला फक्त शंभरावा भाग चुकून आत आला, तर अर्धा टक्का झाला. तीनमध्ये अर्धा मिसळला की नळीतली दर सातवी पेशी उपरी. आणि ती उपरी पेशी मूठभर बलाढ्य क्लोनांतली असल्याने अहवालात 'कोऱ्या पेशींत फुगलेले क्लोन' म्हणून झळकते. तरुणात ही चूक जवळपास अदृश्य असते, कारण त्याच्या कोऱ्या पेशी चाळीस टक्के आणि टेमरा जेमतेम. उपाय एकच: त्याच माणसाच्या स्मृतिपेशी शेजारी वाचायच्या आणि तिथल्या मोठ्या क्लोनांशी जुळणारं सगळं कोऱ्यांतून वजा करायचं.

डीएनए वाचायचा की आरएनए? डीएनएत दर पेशीमागे ठरावीकच साचे असतात, त्यामुळे पेशींची मोजणी प्रामाणिक राहते. पण एका पेशीत डीएनए साडेसहा पिकोग्रॅमच्या आसपास. एक मायक्रोग्रॅम घेतला तर तो फार तर दीड लाख पेशींचा, मग सिक्वेन्सर या वाचनयंत्रावर कितीही कोटी रीड, म्हणजे वाचनं, घ्या, दीड लाखांच्या पुढे काही दिसणार नाही. आरएनएत प्रती भरपूर, पण पेटलेली पेशी शांत पेशीपेक्षा जास्त प्रती काढते, म्हणून नुकताच सर्दी-ताप झालेला माणूस मोजणीत फसवतो. आरएनए घेतला तर प्रत्येक मूळ रेणूला बारा यादृच्छिक अक्षरांचा बिल्ला लावतात. असे बिल्ले सुमारे एक कोटी ६७ लाख प्रकारचे होतात, एवढे पुरतात. एका बिल्ल्याचे दोन-तीन तरी रीड असल्याशिवाय तो मोजू नये.

बिल्ला लावला नाही तर चूक उलट दिशेने होते, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. वृद्धाच्या रक्तात एका क्लोनचे दहा लाख रीड असले, की पीसीआरच्या आणि वाचनाच्या चुकांतून त्याची एखाद-दुसरं अक्षर बदललेली हजारो भुतं तयार होतात. प्रत्येक भूत नवा रिसेप्टर म्हणून मोजलं जातं. म्हणजे ज्याची विविधता खरोखर कमी, त्याचीच फुगून दिसते.

तुलना करण्याआधी सगळ्यांचे बिल्ले समान संख्येवर आणावे लागतात. एकाचे पाच लाख आणि दुसऱ्याचे पन्नास हजार असताना प्रकार मोजून ठेवणं निरर्थक. निर्देशांकांपैकी न दिसलेल्या प्रकारांचा अंदाज देणाऱ्या सूत्रांवर माझा विश्वास कमी, ते एकदाच दिसलेल्या रिसेप्टरांवर टेकलेले असतात आणि चुका नेमक्या तिथेच साठतात. शॅनन आणि गिनी बरे, ते वाटणी सांगतात. अख्ख्या रक्ताचा एकच आकडा देणाऱ्या 'प्रतिकारशक्तीचं वय' छापाच्या अहवालांचं तर काय सांगावं! तो आकडा बव्हंशी कोऱ्या पेशींची टक्केवारी किती, एवढंच सांगतो, आणि ती फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे खुणांवरून पेशी मोजणाऱ्या यंत्रावर, कितीतरी स्वस्तात कळते.

अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींचं थोडक्यात. अस्थिमज्जा त्या करत राहते, पण सावकाश. अँटिबॉडीचं जनुक घासूनपुसून धारदार करणारं एड एन्झाइम वयाबरोबर कमी तयार होतं, त्यामुळे लसीनंतर अँटिबॉडी तयार झाल्या तरी त्यांची पकड तरुणातल्याइतकी सुधारत नाही. शिवाय सीडी-११सी आणि टी-बेट या खुणा असलेल्या वेगळ्याच बी-पेशी साठतात, त्यांचा कल स्वतःच्याच ऊतींविरुद्ध जाण्याकडे असतो.

मग शंभरी ओलांडणाऱ्यांत काय दिसतं? स्वीडनमध्ये योनशोपिंगच्या वृद्धांवर दीर्घकाळ चाललेल्या पाहणीत एक धोक्याचं चिन्ह सापडलं होतं: सीडी-४ आणि सीडी-८ यांचं प्रमाण एकच्या खाली आणि जोडीला सीएमव्ही. असे लोक पुढच्या दोन-चार वर्षांत जास्त दगावत. त्यातले जे शंभरीला पोचले त्यांच्यात हे चिन्ह आढळलं नाही.

११० च्या पुढची माणसं मात्र कोड्यात टाकतात. जपानमध्ये रिकेन आणि केओ विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये अशा सात जणांच्या आणि पन्नास ते ऐंशीच्या दरम्यानच्या पाच जणांच्या मिळून ६१,२०२ पेशी एकेक करून वाचल्या. अतिवृद्धांत बी-पेशी कमी होत्या. आणि सीडी-४ पेशी, ज्यांचं नेहमीचं काम इतरांना मदत करण्याचं, त्या ग्रॅन्झाइम आणि परफोरिन ही मारक प्रथिनं बाळगून मारेकरी झालेल्या होत्या. तरुण माणसात अशा सीडी-४ पेशी नगण्य असतात, इथे त्यांचा टी-पेशींतला वाटा लक्षणीय होता. त्या सातांपैकी दोघांचे रिसेप्टर वाचले तेव्हा सगळ्यात मोठ्या क्लोनांनी एकूण सीडी-४ पैकी १५ ते ३५ टक्के जागा व्यापलेली निघाली. विविधतेच्या कुठल्याही निर्देशांकावर हा निकाल वाईटच म्हणावा लागेल. आणि हे ११० वर्षं जगलेले लोक! त्या फुगलेल्या क्लोनांचा काही उपयोग असू शकतो याचा एक धागा २०२३ मध्ये मिळाला: वृद्ध त्वचेतल्या जराजीर्ण पेशी सीएमव्हीचं एक प्रथिन दाखवतात आणि मारेकरी सीडी-४ पेशी त्यांना टिपून काढतात. चार घरांनी जागा अडवली हे खरं, पण त्यातलं एखादं घर गावाची राखणही करत असेल.

इथे एक खाच कायम राहते. ११५ वर्षांच्या माणसाशी तुलना करायला ११५ वर्षांचा 'सामान्य' माणूस नसतो. त्याच्या बरोबरीचे सगळे केव्हाच गेलेले. ऐंशीच्या माणसाशी तुलना केली तर जे वेगळं दिसतं ते दीर्घायुष्याचं कारण, की निव्वळ पस्तीस वर्षांचा फरक, की जगून उरलेल्यांची चाळणी, हे एका रक्तनमुन्यावरून वेगळं काढता येत नाही. म्हणून शतायुषींच्या मुलांचे नमुने जास्त मोलाचे. त्यांना त्यांच्याच वयाची जोडी मिळते.

थायमस प्रौढपणी संपलीच असं मात्र समजू नये. २०२३ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी छातीच्या शस्त्रक्रियेत थायमस काढलेल्या प्रौढांची, तशीच शस्त्रक्रिया होऊन थायमस शाबूत राहिलेल्यांशी तुलना केली. पाच वर्षांत मृत्यूचं प्रमाण ८.१ टक्के विरुद्ध २.८ टक्के निघालं, कर्करोगाचं ७.४ विरुद्ध ३.७. काढलेल्यांत नव्या टी-पेशींचं उत्पादन कमी होतं. हृदयाकडे जाताना वाटेत आली म्हणून ही ग्रंथी उचलून टाकायची सवय त्यामुळे तपासून बघण्याजोगी झाली आहे.

उंबरठा वर गेलेल्या पेशीला जोराची हाक लागते, याचा रोजच्या व्यवहारातला सगळ्यात स्पष्ट पुरावा नागिणीच्या लसीत दिसतो. जुनी जिवंत विषाणूची लस साठ ते एकोणसत्तर वयात ६४ टक्के आणि सत्तरीपुढे ३८ टक्के संरक्षण द्यायची. नंतर आलेल्या लसीत विषाणूचं एकच प्रथिन आहे, पण सोबत एएस०१बी हा चेतक. चाचण्यांत तिने पन्नाशीपुढच्यांत ९७ टक्के आणि सत्तरीपुढच्यांतही ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं. सत्तरीतल्यांचे रिसेप्टर दोन्ही वेळी तेच होते. ही लस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा घ्यावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी दंड दुखणं, कणकण, अंग मोडून येणं हे त्या चेतकाचंच काम, म्हणून पहिल्या डोसनंतर घाबरून दुसरा टाळू नये. फ्लूचंही तसंच: पासष्टीपुढच्यांसाठीच्या जादा मात्रेच्या लसीत दर विषाणूमागे १५ ऐवजी ६० मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, आणि २०१४ च्या मोठ्या चाचणीत तिने नेहमीच्या लसीपेक्षा फ्लू २४ टक्क्यांनी अधिक टाळला.